चाप जड की बोट

हैदराबादच्या मलकपेठेतलं ते घर मला मिळालं, ते माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीमुळे. पगार किती, नवरा पुण्यात का, मांस-मच्छी शिजवणार का, यातलं काहीही घरमालकांनी विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की काम काय करता.

"विजेची बटणं बनवणाऱ्या कारखान्यात आहे. तपासणी विभागात."

"तपासणी म्हणजे? बघता?"

"दाबते."

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "बोटानं का मशीननं?"

"आधी मशीन, मग बोट. मशीन आकडा सांगतं. बटण हाताला कसं लागतं ते सांगत नाही."

"उलटं करायलात तुम्ही लोक," ते म्हणाले. "आधी बोट पाहिजे. आकडा कळला की बोट त्या आकड्याच्या मागं जातं. मग त्याला विचारून काय उपयोग?"

मला हे पटलं, आणि पटलं म्हणून थोडा रागही आला, कारण वीस वर्षं मी उलट करत होते. त्यांनी खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. भाड्याचा आकडा जिन्यात सांगितला, तोही मी विचारल्यावर.

घरमालक तेव्हा सत्तरीच्या पुढे होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. अंबरपेठेत एक पुतण्या होता, तो सणासुदीला यायचा. घराणं मूळचं नांदेडकडचं, पण निजामाच्या काळात आजोबा इकडे आले ते इथलेच झाले. त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' इतके मुरलेले होते, की पुण्याहून माझी सासू आली तेव्हा तिला पहिले दोन दिवस हे गृहस्थ मुसलमान वाटले. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला वांगं कसं चिरायचं ते सांगितलं. मग ती त्यांच्याशी भांडली आणि ओळख पक्की झाली.

पस्तीस वर्षं ते सिकंदराबादेत बंदुकांच्या दुकानात कारागीर होते. परवान्याच्या बंदुका, पिस्तुलं दुरुस्त करायची. निवृत्त झाल्यावर बंदुका सुटल्या, पण बोट काही शांत बसलं नाही. जगातली जी वस्तू दाबली, ओढली किंवा फिरवली जाते, तिला ते चाप म्हणायचे. गॅसचा लायटर, बॉलपेनचं बूड, कुकरची शिटी, ऑटोचा मीटर, नळ. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे ते एक पेन घ्यायला जात आणि चाळीस पेनं टकटकवून बघत. तो बिचारा तेलुगूत काहीतरी पुटपुटायचा. हे त्याला तेलुगूतच उत्तर द्यायचे, की अकरावं आणि सव्विसावं खराब आहे, बाजूला काढ. एकदा मी ती दोन्ही पेनं विकत घेऊन कारखान्यात उघडून पाहिली. दोन्हींची स्प्रिंग वाकडी होती.

त्यांचे चापाचे तीन भाग असत. ढील, अटक, सुटका. बोट आधी रिकामं सरकतं ती ढील. मग काहीतरी आडवं येतं ती अटक. मग ते मोडून पुढे जातं ती सुटका. माणसांनाही हेच माप. पुतण्याबद्दल म्हणायचे, "नुसती ढील आहे. आत अटकच नाही." माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा भेटले आणि जिन्यात मला म्हणाले, "अटक जड आहे, पण सुटका साफ." मी नवऱ्याला सांगितलं. त्याला ती शिवी वाटली. मला ते वर्णन चोख वाटलं.

आणि दुसरा नियम, पहिल्या मताचा. कुठल्याही चापाबद्दल माणसाचं पहिलं मत तेवढं मत. दुसऱ्या खेपेला बोट शहाणं झालेलं असतं, ते आधीच जोर कमीजास्त करतं. "पहिलं मत एकदाच मिळतं, बाई," ते म्हणायचे, "ते कुठं खर्च करायचं ते बघून करा." त्यामुळे घरात काही नवीन आलं, की मला खाली बोलावलं जाई. मिक्सर, कुलूप, छत्री. मी एकदा दाबायचं, बोलायचं, आणि ते कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहून घेणार. बायको असताना हे काम तिचं होतं, असं एकदा ओझरतं बोलले. छत्रीबद्दल मी 'बरी आहे' म्हटलं होतं. त्यांनी पेन्सिल तशीच हवेत धरली. "बरी म्हणजे काय? ढील सांगा." तेव्हापासून मी कुठल्याच गोष्टीला बरी म्हणत नाही.

दुकानातल्या दिवसांची एक गोष्ट ते वारंवार सांगत, आणि दरवेळी तितक्याच समाधानाने. वयस्कर गिऱ्हाइकं यायची. निवृत्त अधिकारी, जुने जमीनदार. पिस्तूल काउंटरवर ठेवायचे आणि म्हणायचे, घोडा, म्हणजे चाप, भारी झालाय, हलका करून द्या. हे आधी चाप ओढून बघायचे, मग म्हणायचे, "साब, घोडा भारी नै हुआ. आप हल्के हो गए." आणि पिस्तुलाला हात लावायचे नाहीत.

"चाप हलका करून देता आला नसता?" मी विचारलं.

"आला असता की. दहा मिनिटांचं काम. पण ज्याच्या बोटात जोर नाही, त्याच्या हातात हलका चाप द्यायचा? शिंकला तरी सुटेल. मी सांगायचो, ठेवून जा. परवाना परत करा आणि घरी जाऊन वर्तमानपत्र वाचा."

"मग?"

"मग काय. शिव्या द्यायचे. मालकाकडे तक्रार करायचे. एक रिटायर्ड साहेब तर रडले." थोडं थांबून म्हणाले, "पण मी नाही म्हणजे नाहीच."

त्यांचं स्वतःचं एक पिस्तूल होतं, हे मला राहायला गेल्यावर वर्षभराने कळलं, आणि तेही निवडणुकीमुळे. निवडणूक लागली की परवानाधारकांना शस्त्र जमा करावं लागतं, ठाण्यात नाहीतर परवाना असलेल्या दुकानदाराकडे. त्या सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून, जुन्या पँटच्या कापडाची शिवलेली थैली काखेत धरून निघाले होते. मला वाटलं बँकेत चाललेत.

"बँक नाही. आमच्या जुन्या दुकानात पिस्तूल जमा करायचंय."

मी अर्थातच पुढचा प्रश्न विचारला. एकट्या म्हाताऱ्या माणसाला पिस्तूल कशाला? चोरांसाठी?

"चोराला माझ्या घरात काय मिळणार, पेनं?" ते हसले. मग जिन्याच्या कठड्याला टेकून त्यांनी सांगितलं. फार वर्षांपूर्वी ते पिस्तूल दुकानात मोडीत निघाल्यासारखं आलं होतं. खिशात मावणारं, पंचवीस बोअरचं, परदेशी. आतला चापाचा सगळा भाग गंजून गेलेला. मालकाने ते यांना रीतसर विकलं, यांनी परवाना काढला आणि दोन वर्षं जेवणाच्या सुट्टीत बसून चाप, त्याची पट्टी, त्याची स्प्रिंग, सगळं घासून, बसवून, काढून, पुन्हा घासून तयार केलं. "जन्मभर दुसऱ्यांचं दुरुस्त केलं. हे एक मी केलं."

"कोणाला दाखवलंत?"

"कोणाला दाखवणार? ते काय लोणचं आहे, की चव घ्या म्हणायचं? परवाना माझ्या नावाचा. माझ्याशिवाय कोणी ओढलेलं नाही."

म्हणजे या माणसाने आयुष्यातलं आपलं सर्वांत चांगलं काम केलं होतं आणि त्याबद्दल एकाही माणसाचं मत त्याच्याकडे नव्हतं. मला ते विचित्र वाटलं, पण कारखान्याला उशीर होत होता.

निवडणूक संपली, निकाल लागले, आणि ते पिस्तूल आणायला गेले. परत आले ते हात हलवत. थैली रिकामी. तोंड इतकं उतरलेलं, की मला वाटलं पिस्तूल चोरीला गेलं.

"खराब करून ठेवलंय," ते म्हणाले. "कपाटात ओल धरली असणार. नाहीतर कोणीतरी खेळलंय त्याच्याशी. चाप दगडासारखा झालाय. मी तिथंच ठेवून आलो. स्प्रिंग बदलावी लागणार."

त्या तीन दिवसांत मी काही गोष्टी पाहिल्या. खरं तर त्या आधीपासूनच दिसत होत्या, मी जुळवल्या नव्हत्या. त्यांच्या ओट्यावर लायटरच्या जागी काडेपेटी आली होती. बॉलपेनाच्या जागी टोपणाचं पेन. नळ बंद करताना ते हाताभोवती फडकं गुंडाळत. उजवी तर्जनी मधल्या पेरात सुजलेली होती आणि सरळ होत नव्हती. मी काहीच बोलले नाही, कारण मला कोणी विचारलं नव्हतं.

चौथ्या दिवशी, शनिवारी, ते वर आले. दारातच उभे राहिले.

"बाई, तुमचं एक पहिलं मत पाहिजे."

"कशाचं?"

"चला सिकंदराबादला."

ऑटोत त्यांनी मला सगळं नीट समजावलं, जणू मी साक्षीला चालले होते. "तुम्ही जड म्हणालात तर स्प्रिंग बदलतो. माझं बोट बरोबर, पिस्तूल बिघडलेलं."

"आणि मी जड नाही म्हणाले तर?"

ते बाहेर बघायला लागले. मुसी नदीवरचा पूल गेला, कोठी गेली. मग म्हणाले, "तर मी पस्तीस वर्षं लोकांना जे सांगितलं, ते मलाही लागू."

दुकानाचे आताचे मालक जुन्या मालकांचे चिरंजीव, साधारण माझ्याच वयाचे. त्यांनी आम्हाला मागच्या खोलीत नेलं. तिथे भिंतीला लागून वाळूने भरलेला पिंप होता, तपासताना हत्यार त्याच्याकडेच रोखायचं.

"चाचा, फिर बोल रौं, किसी ने हाथ नै लगाया," ते म्हणाले. "अलमारी में था, चाबी मेरे पास. कांटा लगा के देख लो, टेबल पे पड़ा है."

टेबलावर खरंच ताणकाटा होता, हुक अडकवून चापाचं वजन मोजायचा. शेजारी घरमालकांची जुनी वही, तिच्यात त्यांनी पिस्तूल पूर्ण केलं त्या दिवशीचं वजन लिहिलेलं. मोजून वहीशी ताडून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

"कांटा बाद में," घरमालक म्हणाले. "पहले उंगली."

हे त्यांच्या नियमाप्रमाणेच होतं. पण चार दिवसांपूर्वी ते इथे एकटे आले होते, काटा तेव्हाही इथेच होता, आणि तेव्हा त्यांचं पहिलं मत होऊन गेलेलं होतं. तरी त्यांनी तो लावला नव्हता. हे माझ्या लक्षात आलं.

दुकानमालकांनी पिस्तूल काढलं. मॅगझिन वेगळी केली, वरचा भाग मागे ओढून नळी रिकामी असल्याचं दाखवलं, आत करंगळी घालून दाखवलं. मग घरमालकांनी तेच सगळं डोळ्यांजवळ धरून पुन्हा तपासलं. मॅगझिनमध्ये बारूद नसलेलं तपासणीचं काडतूस घालून ती परत बसवली आणि पिस्तूल माझ्यापुढे ठेवलं, तोंड पिंपाकडे.

मी आयुष्यात पहिल्यांदा पिस्तूल हातात घेतलं. आधी जाणवलं ते वजन. उस्मानिया बिस्किटाच्या छोट्या पुड्याएवढी वस्तू, पण हात खाली गेला. मग गारवा. मग ही अडचण, की मुठीला जागाच नाही. दोन बोटं मावली, करंगळी हवेत राहिली, तिला कुठे ठेवावं कळेना. निशाण धरायला वर काही म्हणण्यासारखं नव्हतं, नुसती एक बारीक चीर. हे लांबवर मारायचं हत्यार नाही, एवढं मलाही कळलं.

"आता वरचा भाग मागे ओढा," घरमालक म्हणाले.

तो चिमटीत येईना. दोनदा निसटला. शेवटी मी पूर्ण तळव्याने धरून ओढला तेव्हा सरकला.

"जड आहे की नाही?" ते पुढे झुकले. "आहे ना?"

"हा भाग जड आहे. चाप मी अजून ओढलेला नाही."

ते मागे सरले. मी तर्जनी चापावर ठेवली. खोलीत पंखा होता, तो मालकांनी का कोण जाणे बंद केला.

ढील थोडीशी होती, गुळगुळीत, तेलावरून सरकावी तशी. मग अटक आली. मी वाट पाहत होते, की आता खरखर लागेल, किंवा दोन पायऱ्या लागतील, किंवा शेवटी बोटाला ढकलावं लागेल. वीस वर्षांत मी लाखभर बटणं तरी दाबली असतील, त्यांच्या खोड्या मला पाठ आहेत. इथे एकही खोडी नव्हती. वजन होतं, पण ते वाढत नव्हतं, डगमगत नव्हतं. आणि मग, मी अजून ठरवतेच आहे असं वाटत असताना, सुटलं. आधी कसलीही चाहूल न देता पातळ काच तडकावी तसं. टक्.

मी पिस्तूल टेबलावर ठेवलं, तोंड पिंपाकडेच. घरमालक माझ्याकडे बघत होते. सुजलेली तर्जनी त्यांनी दुसऱ्या हाताच्या मुठीत धरली होती. 'जरा जड आहे' एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं, हे मला कळत होतं. पण मग हे इतकं सुंदर काम मला खराब म्हणावं लागणार होतं, आणि तेही त्याच्या कारागिराच्या तोंडावर.

"काका, हा जड नाही."

त्यांनी तर्जनी मुठीतून सोडली.

"इतका चांगला चाप मी कधी दाबलेला नाही," मी म्हणाले. "आमच्या कारखान्यात असं एक बटण निघालं तर आम्ही ते काचेच्या कपाटात ठेवू."

मालकांनी हळूच काटा उचलला, हुक लावला, ओढला, वहीत पाहिलं. आणि वही नुसती घरमालकांकडे फिरवली. चार-पाच ग्रॅम इकडे-तिकडे असतील, एवढंच.

 घरमालकांनी वहीचं शेवटचं कोरं पान फाडून माझ्यापुढे केलं. "लिहून द्या. सही करा."

मी लिहिलं. ढील थोडी व गुळगुळीत. अटक एकसारखी. सुटका काच तडकावी तशी, पूर्वसूचना नाही. पहिलं मत. खाली सही केली. त्यांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवलं, आणि मालकांना म्हणाले, "परवाना परत करायचा अर्ज काढ, बावा. आणि हे ठेव. कोणी नीट माणूस आला तर दे. पहले उसका हाथ देखना."

"चाचा, सोच लो. इत्ती जल्दी कैकू?"

"तीस-चाळीस लोगों को बोला मैं, घर जाओ बोलके. अब मेरा नंबर आया तो सोचूं?"

परतीच्या ऑटोत मी तयारीत होते. म्हातारी माणसं अशा वेळी गप्प होतात किंवा फार बोलतात, आणि दोन्ही मला झेपत नाही. नदीवरचा पूल आला. तसे ते वळून म्हणाले,

"काच म्हणालात. काच का काडी? नीट आठवून सांगा."

"काच."

"कोरडी काडी नाही?"

"काडी मोडायच्या आधी वाकते, काका. हे वाकलं नाही."

"हौ," ते म्हणाले. "ते वाकणं काढायलाच दीड वर्ष लागलं मला." आणि मलकपेठ येईपर्यंत ते वाकणं कसं काढलं ते सांगत राहिले. मला निम्मं कळलं नाही, पण इतका खूश झालेला माणूस मी हैदराबादेत पाहिला नव्हता.

त्यानंतर आमच्यात एक नवीन व्यवहार सुरू झाला. आपल्या बोटाची साक्ष आता धरायची नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं. काही घट्ट लागलं की ते वर घेऊन येत. औषधाची बाटली, कुलूप, पाण्याच्या फिल्टरची तोटी. "हे जड आहे का मी?" मी दाबून सांगायचे. बहुतेक वेळा उत्तर 'तुम्ही' असंच असे. ते मान डोलवत, कॅलेंडरमागे टिपून घेत, आणि वस्तू मला उघडायला देत. बारा-पंधरा वेळा लागोपाठ 'तुम्ही' ऐकल्यावरही त्यांनी विचारणं सोडलं नाही, याचं मला नवल वाटायचं.

दोन वर्षांनी ते न्यूमोनियाने दवाखान्यात होते. रविवारी सकाळी मी डबा घेऊन गेले. पुतण्या रात्रभर बसून नुकताच घरी गेला होता. घरमालक उशीला टेकून बसलेले, चेहरा लहान झालेला, उशाशी नर्सला बोलवायच्या घंटीचं बटण वायरीला लोंबत होतं.

"सकाळपासून दाबायलो," ते म्हणाले. आवाज पार खोल गेला होता. "कोणी येईना. मग म्हटलं, राहू दे. बोटात जोरच नाही, वाजणार कसं." त्यांनी ते बटण माझ्याकडे सरकवलं. या वेळी त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

मी ते हातात घेतलं. अंगठ्याने नव्हे, तर्जनीने दाबलं. गेलं नाही. जोर लावला. अर्ध्यात जाऊन अडकलं, आणि मग माझ्यासारखीच्याही नखात कळ आली. आमच्याकडे असा माल पहिल्याच टेबलावरून परत जातो.

"काका," मी म्हणाले, "हे जड आहे."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. मी त्यांच्याशी खोटं बोलते की काय, ते तपासत होते.

"तुम्ही नाही. बटण जड आहे. आतली पट्टी वाकलीय."

त्यांचा हात पांघरुणाखालून बाहेर आला आणि खाटेशेजारच्या कपाटावरची औषधाची चिठ्ठी चाचपडू लागला. ती सापडली. कोरी बाजू वर करून त्यांनी माझ्यापुढे धरली.

"लिहा," ते म्हणाले. आवाज अचानक दुकानातला झाला होता. "सही करा. आणि त्या सिस्टरला बोलवा. सांगा, म्हाताऱ्याकडे लेखी पुरावा आहे."